त्याच्यासाठी दुर्वास शोधू नकोस

*ताई, नमस्कार. मी जालना जिल्ह्यातली. एम.ए. मराठी, सेट झालेली, एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर, शिकवते. संभाजीनगरला एमपीएससीची तयारी करताना अभ्यासिकेत त्याची ओळख झाली. चार वर्षं सोबत होतो. त्याच्या घरून पैसे यायचे नाहीत तेव्हा मेसचे, फॉर्मचे, क्लासचे पैसे मी भरले; सगळे मिळून ऐंशी हजारांच्या वर गेले. मराठीच्या आणि इतिहासाच्या नोट्स मी काढायचे, तो त्यावर अभ्यास करायचा. माझं दोनदा मुख्य परीक्षेत राहिलं, त्याचं झालं. आता तो अधिकारी आहे. मागच्या महिन्यात त्याची सुपारी फुटली. मुलीकडचे लोक मोठे आहेत.*

*फोन केला तर म्हणाला, 'लग्नाचं असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. आपण चांगले मित्र होतो.' मग मी खूप बोलले, नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'तू रागात जे बोललीस ते मी मनावर घेतलेलं नाही. माफ केलं. तूही आता पुढं जा.' आणि माझ्या नोट्स तिथल्या एका क्लासमध्ये त्याच्या नावानं विकायला ठेवल्यात.*

*आत्या म्हणते, शकुंतलेनं सोसलं, सीतेनं सोसलं, शेवटी चांगलंच झालं की. नेमकं मला वर्गात शाकुंतल शिकवायचंय. पाचवा अंक आला की घसा दाटतो. जुन्या ग्रंथांत एवढी प्रेमं आणि एवढे घात, पण शेवटी बाईनंच माफ का करायचं? मी करू का? की त्या मुलीला जाऊन सगळं सांगू?*

*— नाव छापू नका*

बाई गं, तुझं पत्र सात पानी होतं. जागेसाठी मी ते कापलं. काय कापलं तेही सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. जवळजवळ चार पानं तू त्याची बाजू मांडण्यात घालवली आहेस. वडिलांची बायपास झाली, धाकट्या बहिणीचं लग्न अडलंय, मामाच्या शब्दाबाहेर घर नाही, ट्रेनिंगचा ताण आहे, आणि हे सगळं संपल्यावर, 'कोणीतरी त्याचे कान भरले असतील.' तुझ्या स्वतःच्या दोन मुख्य परीक्षांना तू एक ओळ दिलीस. त्याच्या अडचणींना चार पानं.

शाकुंतल शिकवायचंय म्हणतेस, म्हणून त्याच भाषेत बोलते. तू त्याच्यासाठी दुर्वास शोधायलीस.

आपण मराठी माणसं शकुंतला ओळखतो ती कालिदासाची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं आणि तेव्हापासून ती आपल्या घरातलीच झाली. दुष्यंत आश्रमात येतो, गांधर्वविवाह होतो, तो अंगठी देऊन राजधानीला जातो. ती त्याच्या विचारात हरवलेली असताना दुर्वास दारात येतो, तिचं लक्ष जात नाही आणि तो शाप देतो: ज्याच्या विचारात आहेस तो तुला विसरेल. पुढं अंगठी पाण्यात पडते, राजा खरोखरच विसरतो, कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते, राजाला आठवतं, तो रडतो, झुरतो, आणि सातव्या अंकात भेट. तुझ्या आत्याला हीच गोष्ट माहीत आहे. ती काही खोटं बोलत नाही.

पण ही गोष्ट कालिदासाच्या आधीपासून महाभारतात आहे. आदिपर्वात. तिथं शाप नाही आणि अंगठीही नाही. दुर्वास त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही.

तिथली शकुंतला गांधर्वविवाहाला हो म्हणण्याआधी अट घालते. मला होणारा मुलगा तुझ्यामागं राजा झाला पाहिजे, हे कबूल असेल तरच. राजा कबूल करतो. तुला न्यायला चतुरंग सेना पाठवतो, असं सांगून निघून जातो. सेना येत नाही. वर्षं जातात. मुलगा सहा वर्षांचा होतो, जंगलातली जनावरं धरून बांधतो, आश्रमातले लोक त्याला सर्वदमन म्हणतात. शेवटी कण्व तिला मुलासकट हस्तिनापूरला पाठवतो. भर दरबारात ती उभी राहते आणि म्हणते, हा तुझा मुलगा, तू दिलेला शब्द आठव.

आता इथं जरा थांब, कारण व्यास इथं एक ओळ लिहून ठेवतात जी मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावायचे. 'राजा स्मरन्नपि अब्रवीन्न स्मरामीति.' राजाला आठवत होतं, आणि आठवत असूनही तो म्हणाला, मला आठवत नाही. एवढंच म्हणून थांबला नाही. 'तू कोणाची, दुष्ट तापसी?' असंही वर विचारलं. तुझ्या फोनवरचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेव. मध्ये काही हजार वर्षं गेली आहेत एवढाच फरक.

आणि ती शकुंतला गप्प बसत नाही. तिची ती दरबारातली बोलणी आपल्याकडं कोणी पाठ करून घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ती म्हणते, महाराज, ठाऊक असूनही एखाद्या हलक्या माणसासारखं 'ठाऊक नाही' असं बिनदिक्कत का म्हणता? मी एकटाच होतो, कोणी पाहिलं नाही असं वाटतंय का? हृदयात एक जुना मुनी बसलाय, त्याला सगळं कळतं. राजा तिच्या आईवर घसरतो, मेनकेचं नाव घेऊन तिला हिणवतो. तेव्हा ती म्हणते, दुसऱ्याची मोहरीएवढी चूक तुला दिसते, स्वतःची बेलफळाएवढी दिसूनही दिसत नाही. तू जमिनीवर चालतोस, मी आकाशात फिरते. आपल्या दोघांतलं अंतर मोहरी आणि मेरूएवढं आहे. आणि शेवटी, तू नसलास तरी माझा मुलगा ही पृथ्वी राखेल. असं म्हणून ती जायला निघते. रडत नाही, पाय धरत नाही. निघते.

मग आकाशवाणी होते, मुलगा तुझाच आहे, शकुंतलेचा अपमान करू नकोस. आणि राजा मंत्र्यांकडं वळून काय म्हणतो? मलाही हे माहीत होतंच, पण नुसत्या तिच्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. म्हणजे तिला भर दरबारात खोटारडी ठरवलं ते तिच्याच भल्यासाठी! आणि मग तो तिला जवळ घेऊन सांगतो: प्रिये, रागाच्या भरात तू मला जे लागेल असं बोललीस, ते मी तुला क्षमा केलं.

तुझ्या त्या मेसेजची मी ही ओळ वाचली आणि पुस्तक काढून पुन्हा ताडून पाहिलं. ज्यानं घात केला तोच माफी वाटतोय. तू विचारलंस ना, 'बाईनंच माफ का करायचं'? तर गंमत बघ, मूळ गोष्टीत तिच्या माफीचा प्रश्नच येत नाही. तिला कोणी विचारतच नाही. माफ करण्याचा अधिकारही राजानं स्वतःकडंच ठेवलाय.

तर मग कालिदासानं शाप का घातला? नाटक म्हणून त्याला तो लागला, विसरण्याचं आणि आठवण्याचं करुण नाट्य उभं राहिलं, हे खरंच आहे आणि त्याच्या प्रतिभेविषयी मी शंका घेणार नाही. पण दुष्यंत हा भरताचा बाप, कौरव-पांडवांचा पूर्वज. ज्याच्या वंशाचं एवढं नाव, त्यानं बायकोला ओळखूनही नाकारलं हे राजसभेपुढं दाखवायचं कसं? शापामुळं राजा स्वच्छ झाला. वाईट वाटून घ्यायला आणि फसवली गेलेली बाई म्हणून रडायला शकुंतला राहिलीच. त्यातही एक बारीक गोष्ट आहे: शाप लागलाय हे तिच्या सख्यांना माहीत असतं, तिला स्वतःला सातव्या अंकापर्यंत कळत नाही. आणि तिथं राजा पाया पडतो तेव्हा ती काय म्हणते, आठवतंय? माझंच पूर्वीचं काही पाप फळाला आलं असेल. त्याच्या चुकीची भरपाई आपल्या पूर्वजन्मातून!

आणि तरीही कालिदास कालिदास आहे. त्यानं शाप घातला, पण एक खिडकी उघडी ठेवली. पाचवा अंक सुरू होतो तो राजाच्या अंतःपुरातल्या हंसपदिकेच्या गाण्यानं. ती आतून गातेय: आंब्याच्या मोहराचं चुंबन घेतलंस, आणि आता कमळात नुसतं बसायला मिळालं तर त्या मोहराला विसरलास, भुंग्या? राजा ऐकतो, हसतो, विदूषकाला सांगतो, हिच्यावर मी एकदा प्रेम केलं होतं, जा, तिची समजूत काढ. हंसपदिकेला विसरायला राजाला दुर्वासाची गरज पडली नव्हती बरं. शकुंतला दरबारात येण्याच्या काही क्षण आधी कालिदास हे ऐकवतो, आणि आपण शतकानुशतकं शापाकडंच बघत बसलो. तू वर्गात पाचवा अंक घेशील तेव्हा इथून सुरुवात कर. शकुंतलेच्या अश्रूंपर्यंत पोचण्याआधी पोरांना हंसपदिकेबद्दल बोलू दे. त्याच अंकात शकुंतला त्याला 'अनार्य' म्हणते, गवतानं झाकलेल्या विहिरीसारखा म्हणते. तिथं तुझा घसा दाटणार नाही, उलट आवाज चढेल.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नकोस. रोमच्या व्हर्जिल कवीनं इनिड हे महाकाव्य लिहिलं, तो इसवी सनापूर्वी १९ साली वारला. त्यात ट्रॉयचा इनिअस कार्थेजच्या डायडो राणीकडं आश्रय घेतो, दोघं एकत्र राहतात, आणि मग तो गुपचूप जहाजं भरायला लागतो. ती जाब विचारते तेव्हा तो म्हणतो, मी कधी लग्नाची मशाल धरली नव्हती, असा काही करार आपल्यात झालाच नव्हता. 'आपण चांगले मित्र होतो' हे त्याचंच मराठी रूप. त्यालाही सबब आहेच: देवांचा दूत येऊन सांगून गेला की इटलीला जा, तिथं तुला वंश उभारायचाय. सम्राट ऑगस्टसच्या काळातलं महाकाव्य, आणि इनिअस हा रोमचा मूळपुरुष. मूळपुरुषाला दोष लागता कामा नये. हस्तिनापूर काय आणि रोम काय, सत्ता ज्याच्याकडं, त्याच्या विसरण्याला देव, ऋषी, कर्तव्य, कोणीतरी जबाबदार सापडतंच.

चौथ्या सर्गात डायडो स्वतःला संपवते. तो भाग वाचायचा असेल तर माझ्यासोबत बसून वाच, एकटीनं रात्री वाचू नकोस. मला हवाय तो सहावा सर्ग. इनिअस जिवंतपणीच पाताळात उतरतो, तिथं त्याला डायडो दिसते. आता त्याला रडू येतं, तो शपथा घेतो, मी मनानं गेलो नव्हतो, देवांनी नेलं. ती एक शब्द बोलत नाही. नजर जमिनीवर. मग पाठ फिरवते आणि आपल्या पहिल्या नवऱ्याकडं, सिकिअसकडं, निघून जाते. माफ करत नाही, शापही देत नाही. उत्तर देणं तिला गरजेचं वाटत नाही.

सीतेचं म्हणशील, तर आत्यांना एकदा उत्तरकांडाचा शेवट वाचून दाखव. भरसभेत पुन्हा एकदा शुद्धता सिद्ध कर म्हटल्यावर तिनं धरणीला हाक मारली. चांगलं झालं कसं म्हणायचं त्याला?

आता आपल्याकडचं. तू जिथं एमपीएससी केलीस तिथून पैठण काही लांब नाही. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा. आपल्या भाषेची पूर्वज म्हणावी अशी बोली आणि गोदावरीचा काठ. तुरीच्या, कापसाच्या शेतांत फिरणारी माणसं. संग्रह राजाच्या नावावर असला तरी त्यात राजवाडा फारसा दिसत नाही. बोलतात त्या बहुतेक बायका. सासू, सून, मैत्रीण, प्रवाशाला बघणारी एखादी. काही गाथा तर स्त्रियांच्याच नावावर आहेत. त्यातल्या बायकांना कोणी शहाणपण शिकवायची सोय नाही. एक बाई काठावरच्या झाडीत प्रियकराला भेटते, आणि एक भाविक गृहस्थ फुलं तोडायला नेमका तिथंच यायला लागतो. तो आधीच तिथल्या कुत्र्याला घाबरतो. ती त्याला म्हणते, आता निर्धास्त फिरा हो महाराज, ते कुत्रं आज मेलं. गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला. गृहस्थ पुन्हा तिकडं जाईल कशाला! आनंदवर्धन या काव्यशास्त्रकारानं ध्वनीच्या, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाच्या, चर्चेत हीच गाथा घेतली. आमच्या गोदाकाठच्या बाईची हुशारी काश्मिरातल्या पंडितानं अभ्यासली, याचा मला आजही अभिमान वाटतो. विषयाला सोडून झालं, पण तुला थोडं हसू यावं म्हणून सांगितलं.

तुझ्यासाठी मला त्यातली दुसरी गाथा हवी होती. तिचा अर्थ साधारण असा: न भेटण्यानं प्रेम जातं, फार भेटण्यानंही जातं, चहाडखोरांच्या बोलण्यानं जातं, आणि काही कारण नसताना, असंच, तेही जातं. बस्स. एवढीच गाथा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कोणीतरी मोठ्या समजुतीनं ही शेवटची शक्यता नोंदवून ठेवली. तुझ्या चार पानांत पहिली तीन कारणं आहेत. चौथं नाही. तुझ्या बाबतीत तेही पूर्ण खरं नाही. त्याचं प्रेम गेलं की नाही हे मला माहीत नाही, पण ज्या दिवशी त्याच्या नावापुढं पद लागलं त्या दिवशी त्याला त्या प्रेमाची गरज उरली नाही, इतकं तुझ्याच पत्रावरून दिसतं. बायपासच्या आधी, ट्रेनिंगच्याही आधी, निकालाच्या महिन्यातच तो फोन घ्यायचा थांबला असं तूच दुसऱ्या पानावर लिहिलंयस. तारखा लावून बघ.

माफी करायची का, हा प्रश्न मला आज महत्त्वाचा वाटत नाही. माफी मागितलीय कोणी? त्यानं तर तुलाच माफ करून टाकलंय. न मागितलेली माफी घाईनं देऊन टाकली की ज्याला द्यायची त्याला ती दिसतही नाही, आणि तुला मात्र वाटत राहतं की आपण काहीतरी मोठं केलं. तेव्हा ते राहू दे. आत्याला सांग, ताईंनी सध्या नको म्हटलंय.

त्या मुलीकडं जाऊ नकोस. ती तुझी कोणी लागत नाही आणि तिचा यात काही दोष नाही. तू दारात गेलीस की गोष्ट त्याच्या हातात जाते; 'एक वेडी मुलगी मागं लागलीय' म्हणायला त्याला वेळ लागणार नाही, आणि मोठ्या लोकांच्या घरात कोणाचं ऐकलं जाईल हे तुलाही कळतं. पण तिनं स्वतः फोन केला, विचारलं, तर एक शब्द खोटा सांगू नकोस आणि एक शब्द जास्तही सांगू नकोस. त्याच्या कार्यालयात तक्रार करावी असं तुझ्या मैत्रिणी सुचवतात, तेही आत्ता नको. प्रेम मोडलं म्हणून कोणतं कार्यालय कोणाला शिक्षा करत नाही, आणि तुझी दोन खरी प्रकरणं त्या गोंधळात वाहून जातील. पहिलं नोट्सचं, दुसरं पैशाचं.

नोट्सवर मी तुझ्याहून जास्त चिडले आहे. आपल्या देवगिरीच्या दरबारातली गोष्ट आहे. नरेंद्र कवीनं रुक्मिणीस्वयंवर रचलं. यादव राजा रामदेवराय ते ऐकून इतका खूश झाला की म्हणाला, यावर माझं नाव घाल, सोनं देतो. हाच रामदेवराय १२७१ साली आपल्या चुलतभावाला, आमणदेवाला, दग्यानं बाजूला सारून गादीवर बसला होता. महानुभाव ग्रंथांत आमणदेवाचे डोळे काढल्याची हकिकत येते. म्हणजे 'नाही' म्हणायला हा सोपा माणूस नव्हे. नरेंद्र म्हणाला, 'ना राजे हो, आमुचिया कविकुळा बोलु लागैल.' आमच्या कवींच्या कुळाला बोल लागेल. स्मृतिस्थळ या महानुभाव ग्रंथात ही हकिकत आहे, तू एम.ए.ला वाचलीच असणार. नरेंद्रापुढं सोनं होतं, तरी त्यानं नाव दिलं नाही. तुझं नाव तर कोणी न विचारताच पुसलं.

तेव्हा वह्या बाहेर काढ. तुझ्या अक्षरातल्या मूळ वह्या, त्यांवरच्या तारखा, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो, ईमेल, सगळं एका जागी जमव आणि एक प्रत भावाकडं किंवा मैत्रिणीकडं ठेव. जे लिहिलंय त्यावरचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो, त्यासाठी आधी नोंदणी केलेली असावी लागत नाही. क्लासमधून छापील संच विकत घे, पावती घे, आणि तुझी वही व त्यांचं पान शेजारी ठेवून जुळणाऱ्या जागांवर खुणा कर. तुझ्या चुका जशाच्या तशा उतरल्या असतील तर त्या सगळ्यात आधी. शुद्धलेखनाची एखादी तुझीच खास चूक दहा साक्षीदारांचं काम करते. मग क्लासच्या मालकाला शांत, छोटं पत्र लिही, स्पीड पोस्टानं. हे माझं आहे, विक्री थांबवा, यापुढं छापायचं तर माझं नाव आणि माझा मोबदला. बहुतेक वेळा क्लासवाल्याला त्या साहेबापेक्षा स्वतःच्या धंद्याची काळजी जास्त असते.

पैशाचं जरा घाईनं कर. उसने दिलेले पैसे वसूल करायला दावा लावायचा तर साधारणपणे दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुझे सगळ्यात जुने फोनपेचे व्यवहार त्या कडेला आले असतील. बँकेचं स्टेटमेंट काढ, त्याला दिलेल्या प्रत्येक रकमेवर खूण कर, कशासाठी दिली ते शेजारी लिही. मेसच्या मालकाला रोख दिले असतील आणि नोंद नसेल तर तेवढे सोडून दे. मग त्याला एक मेसेज कर. शकुंतलेची बोलणी नको, डायडोचं मौनही नको. तारीख, रक्कम, आणि अमुक दिवसापर्यंत परत कर, एवढंच. त्यात 'आपण', 'चार वर्षं', 'तुला काहीच कसं वाटत नाही' हे शब्द आले तर खोडून पुन्हा लिही. त्यानं 'देतो, थोडा वेळ दे' असं काही लिहून पाठवलं तर तो मेसेज जपून ठेव. लेखी कबुलीनं मुदत नव्यानं मोजली जाऊ शकते, ती कशी ते वकील सांगेल.

वकिलाला पैसे कुठून, असं म्हणशील. सीएचबीचं मानधन कधी येतं हे मला ठाऊक आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. आधार कार्ड, स्टेटमेंट, वही आणि क्लासची पावती घेऊन कामाच्या दिवशी सकाळीच जा, दुपारी गर्दी होते. आत्याला सोबत न्यायचं असेल तर ने. मात्र आत बोलायचं तू.